छोट्या शिडाच्या बोटीची आतली फिटिंग्ज काढणं आणि पुन्हा सील करणं

केबिनमधली गादी ओली लागली की पहिला हात सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो. माझाही गेला होता. आमची बोट १८ फुटी, फायबरची. आत दोघं जेमतेम झोपतील एवढी केबिन. वर्षातला बराच काळ ती पुण्यात धायरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रेलरवर उभी असते. शेडचा पत्रा एका बाजूने उघडा आहे, त्यामुळे जुलैतला तिरपा पाऊस थेट डेकवर येतो. खिडकीभोवती आणि दोन क्लीटांभोवती, म्हणजे दोर बांधायच्या खुंट्यांभोवती, मी बाहेरून सिलिकॉनची जाड वळी ओढली. त्या पावसाळ्यात गादी कोरडी राहिली. दोन वर्षांनी दोर ओढताना त्यातला एक क्लीट हातात हलला. खाली बघतो तर डेकमधला प्लाय ओल्या पुठ्ठ्यासारखा झालेला. पाणी केबिनमध्ये यायचं थांबलं होतं, डेकच्या पोटात जायचं थांबलं नव्हतं.

तेव्हापासून हे काम मी वेगळ्या क्रमाने करतो. गादी कोरडी राहणं दुय्यम. डेकमधलं लाकूड कोरडं राहिलं पाहिजे. पुढचं सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

डेकच्या पोटात काय असतं

फायबरच्या बहुतेक छोट्या बोटींचं डेक सँडविचसारखं असतं. वर फायबरचा २-३ मिमीचा थर, खाली तसाच थर, मध्ये बाल्सा लाकूड, प्लाय किंवा फोम. मधल्या गाभ्यामुळे डेक हलकं राहूनही पायाखाली दबत नाही. क्लीट, हँडरेल, पुली, खिडकीची चौकट या सगळ्यांचे बोल्ट या गाभ्यातून आरपार जातात. वरचा सीलंट वयाने कडक होऊन सुटला की पाणी बोल्टच्या आट्यांवरून खाली उतरतं, आणि केबिनमध्ये टपकायच्या आधी वाटेतल्या लाकडात मुरतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ टिकला की बुरशीला हवं ते मिळतं आणि कूज सुरू होते. गादीवर पहिला थेंब पडतो तेव्हा नुकसान कधीचंच सुरू झालेलं असतं.

कोकणातल्या फळ्यांच्या होडीत फटीत कापूस ठोकतात, आणि होडी पाण्यात उतरली की लाकूड फुगून सांधा आणखी घट्ट होतो. फायबरच्या बोटीला ही सोय नाही. तिचं भोक आपण बुजवल्याशिवाय बुजत नाही.

उपाय असा: प्रत्येक भोक मोठं करायचं, त्यात इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) भरायचं, आणि त्या घट्ट झालेल्या इपॉक्सीतून बोल्टचं भोक नव्याने पाडायचं. बोल्टभोवती इपॉक्सीची नळी तयार होते. पुढे कधी सीलंटने दगा दिला तरी पाणी नळीतून सरळ खाली गादीवर पडेल. गादीवर पडलेलं पाणी दिसतं, त्याचा बंदोबस्त करता येतो.

कधी करायचं

पुण्यात मॉन्सून साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, आणि त्याआधी मेमध्ये वळवाच्या सरी कधीही गाठतात. म्हणून फेब्रुवारीत उघडायचं, मार्चभर वाळू द्यायचं, एप्रिल संपायच्या आत बंद करायचं. मार्च-एप्रिलची आपली कोरडी हवा या कामाला वरदान आहे. मुंबईच्या दमट हवेत जे लाकूड दिवसेंदिवस वाळत नाही, ते इथे भराभर कोरडं होतं.

उन्हाळ्याचा तोटा इपॉक्सीला. तापमान १० अंशांनी वाढलं की कालवलेलं इपॉक्सी हाताळायचा वेळ जवळपास अर्धा होतो. २५ अंशांना २५ मिनिटं मिळत असतील तर एप्रिलच्या दुपारी दहा-बाराच समजा. खोल कपात ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर येतो, प्लास्टिकचा कप वितळतो. थोडं थोडं कालवा आणि पसरट झाकणात ओता. आणि भोकं सकाळी भरू नका. सकाळी भरलं तर दिवस तापतो तशी लाकडातली हवा फुगते आणि इपॉक्सीत बुडबुडे उठतात. सूर्य कलल्यावर, तापमान उतरत असताना भरलं तर उलट होतं: आत आक्रसणारी हवा इपॉक्सीला लाकडात ओढून घेते.

सामान

खास बोटीच्या सामानाचं दुकान पुण्यात सहज सापडत नाही, पण त्यावाचून फारसं अडत नाही. नट, बोल्ट, वॉशर रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात. तिथे जाताना जुना बोल्ट खिशात घेऊन जा, तोंडी माप सांगू नका. मरीन प्लायचा तुकडा लागला तर भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहे. फायबरचं काम करणाऱ्यांना माल पुरवणारी रेझिनची दुकानं शहरात आहेत; तिथे इपॉक्सी, त्याचा हार्डनर, सिलिका पावडर आणि ॲसिटोन मागा. दुकानदार स्वस्त म्हणून पॉलिएस्टर रेझिन पुढे करेल. ते भोकं भरायला घेऊ नका: घट्ट होताना ते आक्रसतं आणि लाकडाला इपॉक्सीइतकं चिकटत नाही. दुसऱ्या कामासाठी पॉलिएस्टर आणलंच, तर त्याचं कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका. ते मिश्रण पेट घेतं, स्फोटही होऊ शकतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मगच दुसरं.

बोल्ट स्टेनलेसचेच. डोक्यावर ए२ असेल तर ३०४ ग्रेड, ए४ असेल तर ३१६. लोहचुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, दुकानदार काहीही म्हणो. बोट फक्त खडकवासला-पानशेतच्या गोड्या पाण्यात राहणार असेल तर ३०४ चालतं. ट्रेलरवरून मांडव्याला किंवा मुरूडला न्यायची असेल तर ३१६ च घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात त्याचाच आधार असतो.

सीलंटची निवड अशी. डेकवरच्या फिटिंगांना, म्हणजे क्लीट, हँडरेल, पुली यांना माझी पहिली पसंती ब्युटाइल टेप. ती कधी कडक होत नाही, चिकट राहते, आणि दहा वर्षांनी फिटिंग काढायची झाली तर मुकाट्याने सुटते. घेताना दोन बोटांत ताणून बघा: खरी ब्युटाइल च्युइंगगमसारखी लांबते, फोमची पट्टी पटकन तुटते. पेट्रोल-डिझेलजवळ ती वापरू नका, विरघळते. पाण्याखालच्या भोकांनाही नको. तिथे आणि सतत झटके बसणाऱ्या जागी पॉलियुरेथेन, म्हणजे सिकाफ्लेक्स-२९१ च्या जातीचं काहीतरी. त्याहून जास्त चिकटणारे सीलंटही मिळतात, थ्रीएमचं ५२०० त्यातलं. पुन्हा काढायच्या वस्तूला ते लावू नका. काढताना जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, सोलून निघतो. सिलिकॉनबद्दल खिडकीपाशी बोलू. बाकी डेकवर त्याला जागा नाही. सिलिकॉन निघालं तरी त्याचा तेलकट अंश फायबरवर राहतो आणि नंतर त्यावर काहीच नीट धरत नाही.

गळती कुठून, ते आधी शोधा

पाणी जिथे टपकतं तिथून ते क्वचितच आत आलेलं असतं. छताच्या आतल्या अस्तरावरून ते उतारापर्यंत चालत जातं. आमच्या बोटीत नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या, हॅचमधून (डेकमधल्या झाकणाच्या तोंडातून) शिरलेलं पाणी मागच्या खिडकीखाली टपकत होतं आणि आम्ही वर्षभर खिडकीला दोष देत होतो.

एक सोपी युक्ती आहे. अस्तर काढा, आतल्या बाजूला प्रत्येक फिटिंगखालच्या कोरड्या कडेवर रांगोळीची बारीक रेघ ओढा, आणि वरून पाणी सोडा. थेंब जिथून जाईल तिथे रेघ तुटते. पाणी खालून वर चढत द्या: आधी खिडकीची खालची कड, दहा मिनिटांनी वरची, मग क्लीट, मग हँडरेल. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळणार नाही.

आमच्याकडे एप्रिलमध्ये नळाला पाणी दिवसाआड असतं, आणि त्या दिवसांत डेकवर पाईप सोडून बसणं मनाला पटत नाही. तेव्हा उलटी पद्धत वापरा. केबिनची सगळी तोंडं टेप आणि प्लास्टिकने बंद करा, एका फटीतून ब्लोअरने आत हवा भरा, आणि बाहेरून प्रत्येक फिटिंगभोवती ब्रशने साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. अर्धी बादली पाण्यात सगळी बोट तपासून होते, आणि खरं सांगायचं तर ही पद्धत पाईपपेक्षा अचूक आहे.

त्याच वेळी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने डेकवर हळू ठोकत जा. निरोगी डेक टणटण वाजतं. गाभा कुजला किंवा सुटला असेल तिथे थपथप येतं. थपथप येणारा भाग खडूने आखून ठेवा. वीतभरापेक्षा मोठा निघाला तर फक्त भोकं भरून भागणार नाही. वरचा थर कापून गाभा बदलावा लागेल. ते वेगळं काम आहे.

काढताना

पहिली गोष्ट सुरक्षेची. डोलकाठीच्या तारा जिथे बोटीला धरलेल्या असतात त्या चेनप्लेटला, किंवा डोलकाठीच्या बुडाच्या बोल्टांना हात लावायच्या आधी डोलकाठी उतरवून ठेवा. उभ्या काठीखाली एक नटही सैल करू नका.

मग नोंदी. प्रत्येक फिटिंगचे आतून-बाहेरून फोटो काढा. जाड पुठ्ठ्यावर फिटिंगचा आकार काढा, नाळेची दिशा बाणाने दाखवा, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू ज्या जागेचा त्याच जागी पुठ्ठ्यात खोचा. हे कंटाळवाणं वाटतं, पण याला कारण आहे. आतल्या लाकडी पट्ट्यांचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. १५ मिमीच्या जागी २० चा बसवला तर तो डेकच्या वरच्या थरातून टोक बाहेर काढतो. कालपर्यंत नसलेली गळती आपणच तयार करतो.

लाकडी पट्ट्यांवर स्क्रूची डोकी लाकडाच्या बुचाने झाकलेली असतात. बूच पटाशीने उचकटू नका, कडा फुटतात. बुचाच्या मध्यात २ मिमीचं भोक पाडा आणि त्यात एक छोटा लाकडी स्क्रू पिळत जा. त्याचं टोक खालच्या स्क्रूच्या डोक्याला टेकलं की बूच आपसूक वर सरकतं.

आरपार बोल्टांना माणसं दोन लागतात. एक वर पेचकस घट्ट धरून, एक आत पाना घेऊन. फिरवायचा तो नट, बोल्ट जागचा हलता कामा नये. मी वर असतो, भाचा आत. "मामा, फिरतोय!" असं आतून ओरडला की मी भार वाढवतो. पेचकसाचं टोक खाचेत अगदी बरोबर बसणारं हवं. दिसायला सारख्या दोन चौफुली खाचा असतात, आणि चुकीच्या टोकाने डोकं घासून गुळगुळीत होतं. बोल्ट हलतच नसेल तर ६० वॉटची सोल्डरिंग इस्त्री डोक्यावर मिनिट-दोन मिनिटं टेकवून ठेवा. आतला जुना सीलंट किंवा रेझिन मऊ होतं. मात्र त्याआधी ॲसिटोनचा डबा आणि फडकी केबिनच्या बाहेर काढा. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, केबिनच्या तळाशी साचते. शेवटचा उपाय म्हणजे डोकं ड्रिलने उडवणं. त्यात कमीपणा काही नाही, बोल्ट तसाही नवाच घालायचा आहे.

नवा का? जुना बोल्ट पुसून त्याची मान आणि मधला भाग बघा, जो डेकच्या जाडीत दडलेला असतो. स्टेनलेसला गंजण्यापासून वाचवणारा पातळ थर टिकवायला हवेतला ऑक्सिजन लागतो. ओल्या लाकडात बुजलेल्या भागाला तो मिळत नाही, आणि तिथे बारीक खड्डे पडत जातात. वरून डोकं आरशासारखं चमकत असतं, आत मान निम्मी झालेली असते. मी एकदा काढलेले बोल्ट परत घालत नाही. क्लीट तुटून सुटला तर दोर हातातून जातो, कधी बोटंही.

बोल्ट निघाले तरी फिटिंग जागची हलत नाही, कारण जुना सीलंट धरून असतो. तिथे पहार किंवा मोठा पेचकस घालून उचकटणं हा मोह आवरा. डेकचा थर पातळ असतो, दाबाखाली तडकतो. गिटारची स्टीलची तार घ्या, दोन टोकांना लाकडाच्या मुठी बांधा, आणि फिटिंगखाली करवतीसारखी पुढे-मागे ओढा. हीट गनने थोडं गरम केलं तर आणखी सोपं जातं. हाताला चटका बसेल इतकं तापवू नका. फट पडली की लाकडाची पातळ पाचर सारा, थांबा, पुन्हा तार. एका हँडरेलला तासभर लागला तर तो तास वाया गेला असं समजू नका.

खिडकीचं एक ध्यानात ठेवा. बऱ्याच बोटींत आतली चौकट आणि बाहेरची चौकट स्क्रूंनी एकमेकींना आवळलेल्या असतात. आतली रंगवायला म्हणून नुसती सैल केली तरी बाहेरची सील तुटते. आतली काढली म्हणजे पूर्ण खिडकी नव्याने बसवायची, हे धरूनच चाला.

साफसफाई

जुना सीलंट आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, मग बारीक पॉलिश पेपर. फायबरची धूळ फुप्फुसाला वाईट. साधा कापडी रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. त्यानंतर दोन फडक्यांची पद्धत: एका फडक्याने ॲसिटोन लावायचा, तो उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने पुसायचा. एकाच फडक्याने पुसत बसलं तर मळ फक्त पसरतो. शेवटी जागेवर पाण्याचे चार थेंब टाका. पाणी सपाट पसरलं तर जागा स्वच्छ आहे. मण्यांसारखं गोळा झालं तर सिलिकॉन अजून शिल्लक आहे, परत घासा. ॲक्रिलिकच्या खिडकीला मात्र ॲसिटोन लावू नका, तिच्यात केसांसारख्या चिरा पडतात. तिला साबणाचं पाणी पुरे.

भोकं: इथे घाई नको

अख्ख्या कामातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि लोक टाळतात तोही हाच.

आधी वाळवणं. पातळ खिळ्याचं टोक काटकोनात वाकवा, ड्रिलमध्ये धरा, भोकात घालून फिरवा. वरचे-खालचे थर तसेच राहतात आणि मधला गाभा चहूबाजूंनी ५-६ मिमी कोरला जातो. बाहेर येणारा भुसा बघा. पिवळसर आणि खरखरीत असेल तर लाकूड चांगलं आहे. काळा, लगदा होणारा, ओल्या मातीचा वास येणारा असेल तर आणखी कोरा, कोरडा भुसा येईपर्यंत. मग भोकं उघडी ठेवून वाळू द्या. खात्री करायची तर उन्हाच्या वेळी भोकावर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा. दुपारनंतर आतून दव धरलं असेल तर लाकूड अजून ओलं आहे. एका वर्षी आम्हाला या पायरीला पाच आठवडे लागले. ओल्यावर इपॉक्सी भरलं तर ओल आत कोंडली जाते, म्हणून ते पाच आठवडे दिले.

मग भरणं. खालचं तोंड आतून टेपने पक्कं बंद करा. इपॉक्सी आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, वजनकाट्यावर मोजून घ्या; अंदाजाने नको. आधी काहीही न मिसळलेलं पातळ इपॉक्सी भोकात सोडा, म्हणजे लाकूड ते पिऊन घेईल. दहा मिनिटांनी उरलेलं शोषून काढा. मग सिलिका पावडर घालून पीनट बटरसारखं घट्ट केलेलं इपॉक्सी इंजेक्शनच्या सिरिंजने, सुई काढून, तळापासून वर भरत या. वरून भरलं तर तळाशी हवा अडकते. किंचित वर येईल इतकं भरा.

दुसऱ्या दिवशी ते कडक झालं की त्यावर मेणासारखा चिकट पापुद्रा दिसेल. तो साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर लावा. उलट क्रमाने केलं तर पापुद्रा खरडून आत दाबला जातो. आता फिटिंग जागेवर धरून खुणा करा, ६ मिमीच्या बोल्टला साडेसहाचं भोक पाडा, आणि वरच्या तोंडाला काउंटरसिंक बिटने उथळ वाटी करा. बोल्ट आवळल्यावर सीलंट या वाटीत दाबला जाऊन बोल्टच्या मानेभोवती कडं धरतो. वाटी नसेल तर तो दाबाने बाजूला पळतो आणि बोल्टभोवती जवळपास काहीच उरत नाही. पाणी रोखतं ते हे वाटीतलं कडं.

पुन्हा बसवणं

आतून नटाखाली नुसता वॉशर पुरत नाही. ओढ मोठ्या भागावर पसरावी म्हणून पाठीला पट्टी हवी. इलेक्ट्रिकल इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे काच-इपॉक्सीची ५-६ मिमीची शीट मिळते. ती कुजत नाही, गंजत नाही, करवतीने कापता येते. ॲल्युमिनियमची पट्टी स्टेनलेस बोल्टाबरोबर, विशेषतः खाऱ्या पाण्यात, पांढरी भुकटी होऊन खाल्ली जाते. पट्टीचे कोपरे गोल करा.

ब्युटाइल लावताना फिटिंगच्या तळाला टेपची पट्टी लावा, प्रत्येक बोल्टच्या मानेभोवती तिचा छोटा शंकू वळा, आणि बोल्ट वरून आत सरकवा. वर एक जण बोल्ट स्थिर धरतो, आतला नट फिरवतो. बोल्ट फिरला की मानेभोवतीचा शंकू पिळून तुटतो. आट्यांवर आधी थोडं ग्रीस लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस जोरात फिरवलं तर आटे एकमेकांत रुतून कायमचे अडकतात. सगळे नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. चहूबाजूंनी टेप सारखी बाहेर येऊ लागली की थांबा. दुसऱ्या दिवशी उन्हात पुन्हा पाव वळसा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मऊ टेप हळूहळू पसरते, घाईने नाही. बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापून घ्या.

पॉलियुरेथेनच्या बाबतीत दोन मतं आहेत. काही जण आज अर्धवट आवळतात, सीलंट रबरासारखा झाला की आठवड्याने पूर्ण. मी एकदाच पूर्ण आवळतो. नंतर आवळताना बोल्ट जरा जरी फिरला तर चिकटलेला सांधा तुटतो, आणि आतून पाना लावणाऱ्याला ते कळतही नाही. वाटी केलेली असेल तर एकदाच आवळून पुरेसा सीलंट जागेवर राहतो. आधी फिटिंगभोवती मास्किंग टेप लावा, सीलंट सुकायच्या आत टेप ओढा. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, आणि तेही कडेकडून आत. आपल्या कोरड्या एप्रिलमध्ये त्याला वेळ लागतो. आठवडाभर बोट हलवू नका.

आता खिडकी. ॲक्रिलिक उन्हाने किती वाढतं याचा हिशेब करून बघा. जानेवारीच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या उन्हात तापलेली ६०-६५ अंश, म्हणजे ५० अंशांचा फरक धरला तर ६०० मिमी लांबीची काच साधारण २ मिमी वाढते. भोवतालचं फायबर पाऊण मिमीच. म्हणून काचेतून स्क्रू जात असतील तर तिथली भोकं स्क्रूपेक्षा २ मिमी मोठी ठेवा आणि स्क्रू जेमतेम टेकतील एवढेच आवळा, नाहीतर भोकापासून चिरा निघतात. इथे मात्र सिलिकॉनच योग्य, कारण बरेच पॉलियुरेथेन आणि पॉलिसल्फाइड सीलंट ॲक्रिलिकला खातात. न्यूट्रल जातीचं घ्या. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येणारं धातूच्या चौकटीला गंजवतं. काचेखाली २-३ मिमी जाडीचे रबराचे छोटे तुकडे ठेवा, म्हणजे सगळं सिलिकॉन दाबून बाहेर जाणार नाही. सीलंटची जाडी असेल तरच तो काचेबरोबर ताणला जाईल.

हवाबंद कप्प्यांच्या गोल झाकणांना सीलंट लावू नका. त्यांची रबरी रिंग बाहेर काढा, खाच जुन्या टूथब्रशने साफ करा, रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. चपटी झाली असेल तर नवी. आणि बोट शेडमध्ये उभी असताना ही झाकणं उघडी ठेवा. बंद कप्प्यात श्वासाइतकी ओल राहिली तरी चार महिन्यांत बुरशी धरते.

सगळं बसलं की साबण-ब्लोअरची तपासणी पुन्हा करा. त्यानंतर लगेच अस्तर लावू नका. पहिला जोराचा वळीव येऊ द्या, रांगोळीच्या रेघा पुन्हा ओढून ठेवा, आणि पाऊस थांबल्यावर टॉर्च घेऊन आत जा. रेघा अखंड असतील तर पुठ्ठ्यावरून एकेक स्क्रू काढत अस्तर आणि पट्ट्या चढवा. चढवण्याआधी प्रत्येक पाठीच्या पट्टीवर पेन्सिलीने तारीख आणि वापरलेला सीलंट लिहा. ब्युटाइल लावलेल्या नटांपुढे एक टिंब काढा. गणपतीनंतर धरण भरलेलं असताना पहिल्यांदा शीड चढवून आलात की त्या नटांवर एकदा पाना टेकवून बघायचा असतो.